हरळीची हिरवळ आणि कापणीची उंची

हिरवळीची निगा म्हटली की पाणी, खत आणि तण या तीन गोष्टींचा विचार प्रथम होतो. कापणीकडे मात्र केवळ नीटनेटकेपणाचा उपचार म्हणून पाहिले जाते. गवत वाढले म्हणजे ते कापावयाचे, आणि लवकर पुन्हा कापावे लागू नये म्हणून जितके खाली कापता येईल तितके कापावयाचे, असा सर्वसाधारण व्यवहार आहे. वस्तुतः हिरवळीवर होणाऱ्या नेहमीच्या उपचारांपैकी वनस्पतीच्या शरीरावर प्रत्यक्ष आघात करणारा उपचार हा एवढा एकच होय, आणि त्याची पुनरावृत्ती वर्षभर होत राहते. कापणीची उंची ठरविणे म्हणजे वनस्पतीपाशी किती पाने शिल्लक ठेवावयाची हे ठरविणे. पानांच्या प्रमाणावर मुळांची वाढ आणि मुळांच्या खोलीवर पाण्याच्या पाळ्या अवलंबून असल्यामुळे दख्खनच्या पठारासारख्या अवर्षणाच्या मुलखात हा प्रश्न केवळ सौंदर्यदृष्टीचा राहत नाही.

कापणीची उंची आकड्यांत सांगण्याची सोय तशी अलीकडची. मेंढ्या चारून किंवा लांब दांड्याच्या विळ्याने हिरवळ आखूड ठेवण्याची पद्धत युरोपात दीर्घकाळ रूढ होती. १८३० साली इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यातील एडविन बडिंग याने फिरत्या पात्यांचे कापणीयंत्र तयार केले. लोकरी कापडावरील लव कातरून ते सारखे करणाऱ्या गिरणीतील यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली. हिरवळीला गालिच्याची उपमा देण्याची सवय सार्वत्रिक आहे. तिचे यंत्रही कापडाच्या गिरणीतूनच यावे हा योगायोग मनोरंजक खरा, परंतु उपमा फसवी आहे. कापडाची लव कातरल्याने कापडाला काही गमवावे लागत नाही. गवताचे पाते कातरले असता त्याचे अन्न तयार करणारे इंद्रियच कमी होते.

असे असूनही गवत वारंवार कापून घेऊ शकते, आणि बहुतेक इतर वनस्पती घेऊ शकत नाहीत. याचे कारण गवताच्या वाढीच्या जागेत आहे. सामान्य झुडपाच्या वाढीचे बिंदू फांद्यांच्या टोकांशी असतात. ते खुडले की त्या फांदीची लांबी वाढणे थांबते. गवताचा वाढीचा बिंदू मात्र फुलोरा येईपर्यंत जमिनीलगत, आवरकांच्या वेढ्यात सुरक्षित असतो, आणि पात्याची लांबी वाढविणारे विभाजी ऊतक पात्याच्या तळाशी असते. वरचे टोक कापले गेले तरी वाढत्या वयाचे पाते खालून वर ढकलले जातच राहते. खोडाच्या तळाशी असलेल्या कळ्यांपासून नवे फुटवे निघतात ते निराळेच. चरणाऱ्या जनावरांच्या सान्निध्यात झालेल्या दीर्घ उत्क्रांतीशी ही रचना सुसंगत आहे. कापणीयंत्राने तिचा फायदा घेतला एवढेच.

तथापि सहन करणे आणि निरोगी राहणे यांत अंतर आहे. वाढीचा बिंदू शाबूत राहिला म्हणून वनस्पतीचा जमाखर्च जुळतोच असे नाही. कापणीनंतर नवे पाते उभारण्यासाठी लागणारी शर्करा प्रथम शिल्लक साठ्यातून आणि उरलेल्या पानांतून मिळवावी लागते. हा साठा बराच काळ पुरतो, अशी जुनी समजूत होती. १९६६ साली डेव्हिडसन आणि मिलथॉर्प या संशोधकांनी डॅक्टिलिस या कुरणी गवतावरील प्रयोगांतून दाखविले की, तीव्र कापणीनंतर साठ्याचा उपयोग पहिल्या काही दिवसांपुरताच होतो; त्यापुढील वाढ उरलेल्या आणि नव्या पानांच्या प्रकाशसंश्लेषणावरच चालते. म्हणजे कापताना मागे ठेवलेली पाने हेच वनस्पतीचे खरे भांडवल. ज्या हिरवळीवर कापणीनंतर पिवळट देठ तेवढे उरतात, तिचे भांडवल जवळजवळ शून्यावर आलेले असते.

या भांडवलाचे महत्त्व न्यूझीलंडमधील ब्रूएम याच्या १९५६ सालच्या प्रयोगातही स्पष्ट दिसते. त्याने रायग्रास आणि क्लोव्हर यांचे मिश्र कुरण १, ३ आणि ५ इंच अशा तीन उंचींवर कापले आणि पडणाऱ्या प्रकाशापैकी जवळजवळ सर्व, म्हणजे सुमारे ९५ टक्के, प्रकाश पुन्हा पानांकडून अडविला जाण्यास किती दिवस लागतात ते मोजले. ५ इंचांवर कापलेल्या कुरणाला ४ दिवस पुरले, ३ इंचांवर कापलेल्याला १६ दिवस लागले, तर १ इंचावर कापलेल्याला २४ दिवस लागले. कुरण आणि हिरवळ यांची उद्दिष्टे भिन्न आहेत. कुरणात उत्पादन हवे असते, हिरवळीत वाढ जितकी मंद तितकी बरी. त्यामुळे हे आकडे हिरवळीस जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. मात्र मधल्या दिवसांत जो प्रकाश गवताने अडविला नाही, तो जमिनीपर्यंत पोहोचतो, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच खरी आहे. तणांच्या संदर्भात तिचा विचार पुढे येईल.

मुळांवरील परिणाम डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो अधिक घातक ठरतो. या विषयावरील मूलभूत काम अमेरिकेच्या कृषी खात्यातील फ्रँकलिन क्रायडर याचे असून ते १९५५ साली प्रसिद्ध झाले. एका वेळच्या कापणीत पर्णभाराचा किती हिस्सा काढला असता मुळांची वाढ थांबते, हे त्याने निरनिराळ्या गवतांवर पाहिले. ४० टक्क्यांपर्यंत पर्णभार काढल्यास मुळांची वाढ सामान्यतः थांबत नसे. निम्मा किंवा त्याहून अधिक काढल्यास ती थांबू लागे. ८० टक्के पर्णभार एकदाच काढला असता मुळे १२ दिवस, आणि ९० टक्के काढला असता १७ दिवस वाढली नाहीत, असे त्याला आढळले. कापणीची पुनरावृत्ती केल्यास ही स्तब्धता अर्थातच लांबते. एका वेळी उंचीच्या एकतृतीयांशापेक्षा अधिक कापू नये, हा हिरवळशास्त्रातील आज सर्वमान्य असलेला नियम याच निष्कर्षांच्या आधारे रूढ झाला. ४० टक्क्यांच्या सीमेपासून थोडे अलीकडे थांबण्याची व्यवहारी सावधगिरी त्यात आहे. एकतृतीयांश या अपूर्णांकात निसर्गाचे काही गूढ दडले आहे असे मानण्याचे कारण नाही.

या नियमाचा एक परिणाम मात्र पुष्कळदा लक्षात येत नाही. हिरवळ २ सेंटिमीटर उंचीवर ठेवावयाची असेल, तर नियमानुसार ती ३ सेंटिमीटर होताच कापली पाहिजे. म्हणजे दोन कापण्यांमध्ये केवळ १ सेंटिमीटर वाढीस वाव आहे. हीच उंची ४ सेंटिमीटर ठेवल्यास गवत ६ सेंटिमीटर होईपर्यंत थांबता येते. गवत दिवसाला अर्धा सेंटिमीटर वाढते असे धरले, तर पहिल्या हिरवळीवर दर दोन दिवसांनी यंत्र फिरवावे लागेल, दुसऱ्या हिरवळीवर चार दिवसांनी. ‘खाली कापले म्हणजे कापण्याच्या खेपा वाचतात’ ही समजूत अशा रीतीने नेमकी उलटी आहे. खेपा वाचतात त्या नियम मोडल्यामुळे, उंची कमी केल्यामुळे नव्हे. आणि त्यांची किंमत मुळे चुकवितात.

ही किंमत पाण्याच्या हिशेबात कशी उतरते, ते एका ढोबळ उदाहरणाने पाहता येईल. मध्यम काळ्या जमिनीच्या दर सेंटिमीटर खोलीत वनस्पतीला घेता येईल असे सुमारे दीड मिलिमीटर पाणी मावते असे मानावे, आणि एप्रिलच्या उन्हात हिरवळीचा रोजचा खर्च ६ मिलिमीटर धरावा. मुळे १० सेंटिमीटर खोल असतील तर त्यांच्या आवाक्यात १५ मिलिमीटर पाणी येते. ते अडीच दिवसांत संपते. मुळे ३० सेंटिमीटर गेली असतील तर ४५ मिलिमीटर पाणी हाताशी राहते आणि पाळी आठवड्यावर ढकलता येते. एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर, हे लक्षात घेता मोठ्या मैदानाच्या बाबतीत हे आकडे किरकोळ राहत नाहीत.

येथे एक सामान्य गैरसमज दूर केला पाहिजे. उंच ठेवलेली हिरवळ कमी पाणी पिते असे नाही. तिचे पर्णक्षेत्र मोठे आणि पृष्ठभाग खडबडीत असल्यामुळे तिचा बाष्पोच्छ्वास आखूड हिरवळीपेक्षा थोडा अधिकच असतो. तिचा लाभ एवढाच की, ती अधिक खोलीवरून पाणी घेऊ शकते, पावसाचे पाणी अधिक काळ पुरविते आणि दोन पाळ्यांमधील ताण सोसते. मुळांना खोल जाण्यास वाव असेल आणि पाणी दीर्घ अंतराने परंतु भरपूर दिले जात असेल, तरच हा लाभ पदरात पडतो. रोज संध्याकाळी नळीने वरवर शिंपडा मारण्याची पद्धत असेल, तर मुळे वरच्या थरातच राहतात आणि उंच हिरवळ केवळ अधिक खर्चिक ठरते. जेथे वीतभर मातीखाली मुरूम लागतो अशा माळावरच्या बागांतही उंचीचा फायदा मर्यादितच असणार. पाण्याची पद्धत आणि मातीची खोली विचारात न घेता केवळ ‘उंच कापा’ असा उपदेश करणे म्हणूनच अपुरे होय.

महाराष्ट्रात या हिशेबाला सार्वजनिक बाजूही आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात राज्यात तीव्र पाणीटंचाई असताना क्रिकेटच्या मैदानांवर खर्च होणाऱ्या पाण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, आणि ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यावेत असा आदेश न्यायालयाने त्या एप्रिलमध्ये दिला. टंचाई दाराशी आल्यावर पाणी द्यावे की न द्यावे एवढाच पर्याय उरतो. मुळे खोल नेण्याचे काम त्याच्या कित्येक महिने आधी, पावसाळा संपता संपताच करावयाचे असते; मे महिन्यात उंची वाढवून मुळे वाढत नाहीत.

आतापर्यंतचे विवेचन गवतांना सामान्यपणे लागू पडणारे आहे. परंतु योग्य उंचीचा आकडा गवताच्या जातीविना सांगताच येत नाही, आणि महाराष्ट्रातील हिरवळीचे प्रमुख गवत म्हणजे हरळी, सायनोडॉन डॅक्टिलॉन. गणेशपूजेत वाहिल्या जाणाऱ्या दूर्वा याच वनस्पतीच्या. शेतकऱ्याच्या लेखी मात्र ती हट्टी वैरीण होय. काळ्या जमिनीत तिचे मूलक्षोड खोलवर पसरते; नांगराच्या फाळाने त्याचे तुकडे झाले तर प्रत्येक पेऱ्यापासून नवा वेल उभा राहतो, म्हणून हरळी लागलेले रान कुदळीने खणून, काशा वेचून वाळवावे लागे. ज्या गुणांमुळे ती शेतात नकोशी होते, त्याच गुणांमुळे ती हिरवळीत हवीशी होते. जमिनीवर धावती खोडे आणि जमिनीत मूलक्षोड असे दुहेरी साधन तिच्यापाशी आहे. यंत्राने वरचे सर्व काही नेले तरी कळ्यांचा आणि अन्नाचा एक साठा मातीखाली सुरक्षित उरतो. शिवाय तिची वाढ मूळचीच आडवी, पेरी आखूड आणि पाने खालपर्यंत असतात. त्यामुळे आखूड कापूनही पर्णक्षेत्र बऱ्यापैकी राहते.

तुलनेसाठी सेंट ऑगस्टिन गवत, स्टेनोटॅफ्रम, घ्यावे. त्याची धावती खोडे जाड असतात, पाने रुंद असतात, आणि मूलक्षोड नसते. ते हरळीच्या उंचीवर कापले तर धावत्या खोडांनाच इजा होते आणि जमिनीखाली राखीव असे काही नसते. म्हणून त्याला ६ ते ९ सेंटिमीटर उंची लागते, तर साध्या हरळीला अडीच ते ४ सेंटिमीटर पुरते. थंड हवेतील उंच फेस्क्यू हे गवत झुबक्यांनी उभे वाढते. त्याची उंची ७ ते ९ सेंटिमीटर ठेवतात. परदेशी पुस्तकांतील आकडे उचलून हरळीला लावणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावयास हवा. फेस्क्यूसाठी सांगितलेली उंची हरळीला दिली, तर हिरवळ सुधारण्याऐवजी बिघडते.

ती बिघडते याचे कारण पाहण्यासारखे आहे. हरळी उष्ण कटिबंधातील प्रखर उन्हाची वनस्पती आहे, आणि सावली तिला सोसत नाही. ती फार उंच वाढू दिली असता वरच्या पानांची सावली खालच्या पानांवर पडते, खालची पाने पिवळी पडून गळतात, आणि सर्व हिरवा भाग शेंड्याकडे सरकतो. दाट पानांतून झिरपणाऱ्या उजेडात तांबडा प्रकाश कमी आणि अतिरक्त प्रकाश अधिक असतो. अशा उजेडात गवतांचे फुटवे कमी होतात आणि खोडे उभी, लांबट होतात. अशी हिरवळ वरून हिरवी दिसते. परंतु एकदा ठरलेल्या उंचीवर यंत्र फिरविले की खालची तपकिरी खोडे उघडी पडतात. माळी याला ‘हिरवळ जळाली’ म्हणतात. ती उन्हाने जळालेली नसते, तिची सर्व पाने एका फेरीत कापली गेलेली असतात. उलटपक्षी नियमित आणि योग्य उंचीवरील कापणीने प्रकाश तळापर्यंत जातो, फुटवे वाढतात आणि हिरवळ दाट होते. आखूड कापलेल्या हिरवळीत फुटव्यांची संख्या अधिक व प्रत्येक फुटवा लहान, उंच हिरवळीत संख्या कमी व फुटवा मोठा, अशी भरपाई एका मर्यादेत होत असते. ती मर्यादा ओलांडली की संख्याही घटू लागते, आणि मध्येमध्ये माती दिसू लागते.

ही मर्यादा मुळातच खाली असणारे वाण निर्माण करणे हा या प्रश्नावरील दुसरा उपाय, आणि विसाव्या शतकात तो फार यशस्वी झाला. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टिफ्टन येथे ग्लेन बर्टन याने साधी हरळी आणि आफ्रिकेतील सायनोडॉन ट्रान्सव्हालेन्सिस ही बारीक पानांची जाती यांचा संकर केला. पहिलीची गुणसूत्रे ३६ आणि दुसरीची १८, त्यामुळे संकरजात त्रिगुणित, २७ गुणसूत्रांची आणि वंध्य निपजली. तिला बी येत नाही. ती काड्या लावूनच वाढवावी लागते. १९५६ साली टिफग्रीन आणि १९६० साली टिफवे हे वाण प्रसारित झाले. टिफग्रीनमध्येच उत्परिवर्तनाने उद्भवलेला टिफड्वार्फ हा ठेंगणा वाण १९६५ मध्ये आला. त्याची पेरी इतकी आखूड की, काही मिलिमीटरच्या कापणीनंतरही पुरेशी पाने शिल्लक राहतात. गोल्फच्या मैदानावरील खळग्याभोवतीचा भाग आज ३ ते ५ मिलिमीटरवर कापला जातो, तो अशा वाणांच्या जोरावर. आणि त्यासाठी जवळजवळ रोजची कापणी, मोजून दिलेले खतपाणी आणि रोगांवर सतत पहारा ठेवावा लागतो. विंबल्डनच्या टेनिस मैदानांवरील गवत स्पर्धेच्या काळात ८ मिलिमीटरवर असते. तेथे २००१ पासून निव्वळ बहुवर्षायू रायग्रास पेरले जाते, ज्याला घरगुती हिरवळीत याच्या कितीतरी पट उंची देतात. खेळाची गरज गवताच्या गरजेवर मात करते तेव्हा काय करावे लागते, याची ही उदाहरणे आहेत. महाविद्यालयाच्या किंवा नगरपालिकेच्या बागेने त्यांचे अनुकरण करण्यात अर्थ नाही.

तणांचा विचार येथे थोडक्यात करणे पुरे. अनेक वार्षिक तणांच्या बारीक बियांना रुजण्यासाठी प्रकाश लागतो. दाट आणि पुरेशी उंच हिरवळ तो प्रकाश अडविते. खाली खरवडलेली हिरवळ त्यांना जागा आणि उजेड दोन्ही देते. लव्हाळ्याची गोष्ट मात्र वेगळी. तो जमिनीतील गाठींपासून उगवत असल्यामुळे केवळ उंची वाढवून त्याचा नायनाट होत नाही. सावलीने तो दुबळा होतो इतकेच. कापणीच्या उंचीकडून याहून अधिक अपेक्षा करू नये.

कापलेले गवत उचलावे की तेथेच राहू द्यावे, हा प्रश्नही उंचीशीच निगडित आहे. एकतृतीयांशाचा नियम पाळला असेल तर कातरण बारीक असते, ते पात्यांमधून खाली उतरते आणि लवकर कुजते. त्याच्या शुष्क भारात नत्राचे प्रमाण ३ ते ४ टक्के असल्यामुळे ते उचलून नेणे म्हणजे घातलेल्या खताचा एक भाग परत नेणे होय. हिरवळीखाली गादीसारखा जो मृत थर साचतो, तो या कातरणाने होतो असे मानले जाते. प्रत्यक्षात तो सावकाश कुजणाऱ्या खोडामुळांचा असतो. नियम मोडून एकदम लांब कापले तर मात्र कातरणाचे ढीग पडतात, त्यांखालचे गवत गुदमरते, आणि ते उचलण्याखेरीज इलाज राहत नाही.

दख्खनमधील ऋतुमानात हे सर्व बसवावयाचे झाल्यास वर्षभर एकच आकडा धरून चालणार नाही. पावसाळ्यात वाढ वेगाने होते आणि आकाश ढगाळ असल्याने प्रकाश कमी मिळतो. म्हणून या दिवसांत उंची वरच्या मर्यादेकडे, साध्या हरळीसाठी साडेतीन ते ४ सेंटिमीटरवर, ठेवून कापणी मात्र वरचेवर करावी लागते. जमीन चिखलट असताना जड यंत्र घालणे टाळावे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ऊन स्वच्छ असते आणि मातीत ओल असते. मुळे खोल जाण्याचा हाच काळ. या दोन महिन्यांत एकदाही एकतृतीयांशाची मर्यादा ओलांडू नये. थंडीत हरळीची वाढ मंदावते आणि कापणीचे अंतर आपोआप वाढते. मार्चपासून उंची किंचित वाढवून ठेवल्यास माती सावलीत राहते व तळाचा भाग तापत नाही. पाणी बंदच करावे लागले तर हरळी पिवळी पडते. परंतु मूलक्षोड जिवंत असते, आणि पहिल्या पावसानंतर ती पुन्हा फुटते. त्या अवस्थेत तिच्यावर यंत्र फिरविण्याचे काही कारण नाही.

उंची मोजण्याची रीतही येथे नोंदविणे अवश्य आहे, कारण यंत्रावरील खुणेवर विसंबता येत नाही. फिरत्या नळीच्या यंत्रात पुढच्या आणि मागच्या रुळांवर सरळ पट्टी टेकवून ती आणि स्थिर पाते यांमधील अंतर मोजतात. सपाट फरशीवर मिळालेला हा आकडा हिरवळीवर तसाच उतरत नाही. मृत थर जाड असेल तर यंत्र त्यात दबते आणि प्रत्यक्ष कापणी ठरविल्यापेक्षा खाली होते. म्हणून कापणीनंतर पाच-सहा ठिकाणी मोजपट्टी मातीपर्यंत नेऊन उंची पडताळावी. पाते बोथट असेल तर पात्यांची टोके कापली न जाता फाटतात आणि दुसऱ्या दिवशी सर्व हिरवळीवर करडी छटा येते; अशा वेळी उंची बदलण्याआधी धार पाहावी.

सुट्टीच्या काळात दुर्लक्ष होऊन हिरवळ १२ सेंटिमीटरपर्यंत वाढली असेल, तर ती एकाच फेरीत ४ सेंटिमीटरवर आणणे म्हणजे दोनतृतीयांश काढणे होय. ती प्रथम ८ सेंटिमीटरवर आणावी. तीनचार दिवसांनी साडेपाचवर, आणि पुढच्या कापणीत ४ वर. हरळीच्या बाबतीत हिरवा भाग शेंड्याकडे गेलेला असल्यामुळे दुसऱ्या फेरीनंतरही ती काही दिवस तपकिरी दिसेल. त्या दिवसांत वरखत न देता एक भरपूर पाणी द्यावे आणि तळाचे फुटवे हिरवे झाल्यावरच तिसरी फेरी घ्यावी.